बाजबहादुराचं जुनं खोकं

घुमट ह्या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ. एक म्हणजे इमारतीवरचं गोल छप्पर आणि दुसरा म्हणजे चवथीच्या आरतीला वाजतं ते मातीचं वाद्य. एकात माणसं मावतात, दुसरं मांडीवर मावतं. पण काम पाहिलं तर सारखंच. आवाज आत शिरतो, पोटात घुमतो आणि बाहेर येताना वेगळाच होऊन येतो. आपल्या पूर्वजांनी दोन्हींना एकच नाव दिलं ह्यात मला तरी काही चुकीचं वाटत नाही.

आज लिहायचं आहे ते अशा पोटांविषयी. त्यात गिटारवाल्यांची जुनी स्पीकर कॅबिनेटं आहेत, मिरजेचा तंबोरा आहे आणि माळव्यातलं मांडूही आहे. वाचकहो, ही खिचडी वाटेल, पण थोडा दम धरा. वस्तू वेगवेगळ्या असल्या तरी प्रश्न एकच आहे: आवाज ज्याचा असतो त्याचा असतो, की तो ज्या खोक्यातून येतो त्या खोक्याचा?

आधी साधी गोष्ट. नुसती तार छेडली तर ती फारशी ऐकू येत नाही. तार बारीक, ती हवा कितीशी हलवणार? म्हणून ती घोडीवर टेकवतात. घोडी खालच्या पातळ लाकडी तबलीला थरथरवते, तबलीचं क्षेत्रफळ मोठं असल्यामुळे पुष्कळ हवा हलते, आणि मागच्या भोपळ्यातली हवा त्यात आपली भर घालते. तंबोऱ्यात हेच होतं, सतारीत हेच होतं आणि आपल्या मांडोच्या गिटारातही हेच होतं. पण हे पोट नुसतं आवाज मोठा करत नाही. काही सूर त्याला आवडतात, ते तो फुगवतो, काही दाबतो. म्हणून एकाच कारागिराचे दोन तंबोरे सारखे वाजत नाहीत.

मिरजेला हे सगळ्यात चांगलं ठाऊक. तिथले शिकलगार मूळचे शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम संपत आलं तेव्हा फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांचे भाऊ तंतुवाद्यांकडे वळले. भोपळे येतात पंढरपूरच्या बाजूने, लाकूड बहुतेक तुणीचं. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा गवई मिरजेत राहिला आणि कारागिरांना पारखी कान शेजारीच मिळाला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आता गंमत अशी, की इतकं नवं काम मिळत असूनही जाणकार गवई जुना तंबोरा मिळतो का ते आधी बघतात. लाकूड वाळून मुरलेलं असतं, भोपळा सुकून हलका झालेला असतो. फक्त भोपळ्याला चीर नाही ना, दांडी वाकली नाही ना, कीड लागली नाही ना, हे बघायचं.

आता गिटारकडे येऊ. साध्या गिटारचं पोट तिच्या अंगावरच असतं. १९३०-४० च्या सुमारास अमेरिकेतल्या मोठ्या बॅंडांत तुताऱ्या आणि ढोलांपुढे गिटार ऐकूच येईना. तेव्हा तारांखाली चुंबक आणि तारेचं वेटोळं बसवून थरथरीची वीज करायची युक्ती निघाली. पण पोकळ पोटाची गिटार स्पीकरजवळ नेली की ती शिट्टी घालायला लागे. त्यावर उपाय निघाला तो असा, की पोटच काढून टाकायचं. १९५० च्या सुमारास लिओ फेंडर ह्यांनी भरीव फळीची गिटार बाजारात आणली. वीज जाईल त्या दिवशी ती वाजवून बघा, शेजारच्या खोलीत ऐकू येणार नाही.

म्हणजे पोट गेलं का? नाही. ते गिटारपासून कापून चार हातांवर ठेवलं, एवढंच झालं. तेच स्पीकरचं कॅबिनेट. बारा इंची कागदी शंकूचा स्पीकर, त्याभोवती लाकडी पेटी. पेटी का लागते? शंकू पुढे आला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. हे दोन आवाज एकमेकांना भेटले की जाड सूर मरतात. म्हणून मध्ये लाकूड घालायचं. मागून उघडी पेटी असेल तर आवाज खोलीभर पसरतो, मोकळा लागतो. मागून बंद असेल तर जाड सूर घट्ट येतात आणि आवाज समोर तीरासारखा जातो.

घरी गाणी ऐकायचा स्पीकर आणि हा स्पीकर ह्यांत मोठा फरक आहे. घरच्या स्पीकरने स्वतःचं काही घालू नये अशी आपली अपेक्षा असते. गिटारचा स्पीकर मात्र मुद्दाम घालतो. पाच हजार हर्ट्झच्या वरचे सूर तो जवळजवळ गाळतो, त्यामुळे फाटलेल्या आवाजातली कचकच निघून जाते आणि गोडवा राहतो. तो वाद्याचाच भाग आहे, तंबोऱ्याचा भोपळा असावा तसा.

लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाच्या ड्रम वाजवणाऱ्या गृहस्थाने १९६० साली दुकान काढलं आणि १९६२ पासून ॲम्प्लिफायर बांधायला घेतले. त्या काळच्या सेलेशन कंपनीच्या एका स्पीकरला वीस-पंचवीस वॅटच्या वर झेपत नसे. म्हणून त्यांनी एका पेटीत चार स्पीकर घातले. चार बाय बारा म्हणतात ती हीच. पुढे 'द हू' ह्या बॅंडच्या पीट टाउनशेंडला आठ स्पीकरांची एकच पेटी हवी झाली. ती केलीही, पण सामान उचलणाऱ्या माणसांच्या कमरा मोडायची वेळ आली आणि शेवटी चारावर चार अशा दोन पेट्या झाल्या. रॉक संगीताच्या रंगमंचावर मागे जी काळी भिंत दिसते तिचं मूळ अशा हमालीच्या तक्रारीत आहे!

आपल्याकडे १९९१ पर्यंत परदेशी यंत्रांवर आयातीचे निर्बंध आणि जबर कर होते. गोव्यात गिटार वाजवणारे तर घरोघर. लग्नं, नाताळचे नाच, तियात्र, सगळीकडे बॅंड लागे. पण मार्शल आणायचा कुठून? कोणी बोटीवर काम करणारा आणून देई. १९७० च्या दशकात हणजुणेच्या किनाऱ्यावर हिप्पी लोक परतीच्या खर्चासाठी आपल्या चीजवस्तू विकत, त्यातूनच तिथला बुधवारचा बाजार उभा राहिला. ज्यांना हे काहीच जमत नसे ते गावच्या मेस्ताकडे जात, प्लायवूडची पेटी करून घेत आणि आत मिळेल तो देशी स्पीकर बसवत. हा इतिहास कुठे लिहिलेला नाही. तो अजून काही घरांच्या माळ्यावर पडून आहे.

माझ्या भाच्याला गेल्या वर्षी जुनं कॅबिनेट घ्यायचं झालं. "मामा, तुम्ही गाणं ऐकता, तुम्ही चला," म्हणाला. दोन पाहिली. पहिली परदेशी कंपनीची चार बाय बारा, बाहेरून झकास, काळं कातडं, पांढरी किनार. दुसरी इथल्याच एका मेस्ताने १९८० च्या दशकात बांधलेली दोन बाय बारा, रंग उडालेली, एका बाजूला उंदराने कुरतडलेली.

जुनं कॅबिनेट कसं तपासतात ते त्या निमित्ताने नीट समजून घेतलं. कोणाला उपयोग होईल म्हणून लिहितो.

पहिलं, मीटर लावून ओहम बघायचे. आठ ओहम लिहिलेला स्पीकर मीटरवर सहा-सात दाखवतो, सोळाचा तेरा-चौदाच्या आसपास. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटलेली, शून्य दाखवलं तर चिकटलेली. हे आपल्या ॲम्प्लिफायरशी जुळलं पाहिजे, विशेषतः काचेच्या वाल्ववाल्याशी, नाहीतर यंत्र जळायचं.

दुसरं, मागची फळी उघडायला लावायची. बाहेर नाव एक आणि आत स्पीकर भलताच, असं सर्रास असतं. कधी चारांपैकी एक बदललेला असतो. कागद फाटलाय का, कडा सुकून कडक झाल्यात का ते बघायचं. दोन्ही हातांची बोटं शंकूवर सारखी टेकवून हळूच दाबायचं. आत खरखर झाली तर वेटोळं घासतंय.

तिसरं, लाकूड. आपल्या पावसात हे फार महत्त्वाचं. भुशाच्या दाबलेल्या फळ्यांची पेटी ओल लागली की खालून फुगते आणि एकदा फुगली की पुन्हा बसत नाही. चांगलं प्लायवूड तग धरतं. कोपऱ्याचे सांधे बघायचे, वाळवीची माती बघायची आणि नाक आत घालून बुरशीचा वास घ्यायचा.

चौथं सगळ्यात अवघड. दोन्ही पेट्या एकाच ॲम्प्लिफायरवर, एकाच गिटारवर आणि *सारख्याच मोठ्या आवाजात* ऐकायच्या. कारण जे मोठं ते कानाला चांगलं वाटतं. एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा तीन डेसिबलने जास्त बोलका असेल तर ॲम्प्लिफायरचे वॅट दुप्पट केल्यासारखं होतं. विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. म्हणून जास्त बोलक्या पेटीचा आवाज उतरवायचा आणि मगच निवाडा करायचा.

असं केल्यावर काय दिसलं? परदेशी पेटीची खालची फळी फुगलेली होती आणि एक स्पीकर घासत होता. मेस्ताच्या पेटीचे सांधे मात्र बोटांत बोटं गुंतवल्यासारखे, चाळीस वर्षांत हललेले नाहीत. आतले स्पीकर साधे, पण शाबूत. मोठ्या पेटीत दणका जास्त, हे खरं. पण आवाज सारखा केल्यावर लहान पेटीत प्रत्येक तार वेगळी ऐकू यायला लागली. भाच्याने डोळे मिटून दोनदा ऐकलं आणि मेस्ताची पेटी घेतली. किंमत निम्मी होती, हेही सांगायला हवं.

आमच्या कचेरीत वस्तू जुनी झाली की डेडस्टॉक रजिस्टरात तिच्यापुढे शेरा पडतो आणि ती मोडीत निघते. वस्तूचं आयुष्य ठरलेलं, ती चालते का हा प्रश्न नंतरचा. खुर्च्या-टेबलांना हे ठीक. पण ज्या वस्तूचं काम आवाज करणं आहे तिचं वय असं मोजता येत नाही. काही खोकी जुनी होऊन बिघडतात आणि काही जुनी होऊन पिकतात. कुठलं कोणतं हे कान लावल्याशिवाय कळत नाही.

आता मांडू. धारपासून पस्तीस-एक किलोमीटरवर, विंध्याच्या काठावर. अठराव्या शतकात हा मुलूख मराठ्यांकडे आला. धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थानं, त्यामुळे तिथल्या जुन्या घरांतून अजून मराठी ऐकू येते. आपल्या इतिहासाशीही मांडूचा एक धागा आहे. गुजरातच्या बहादूरशहाने १५३१ साली मांडू जिंकलं आणि सहाच वर्षांनी, १५३७ मध्ये, तो दीवच्या समुद्रात पोर्तुगीजांशी झालेल्या चकमकीत मेला. गव्हर्नर नुनो द कुन्याला भेटून तो परतत होता. गोवा, दमण आणि दीव १९८७ पर्यंत एकाच कारभाराखाली होते, तेव्हा हे नाव आपल्याला परकं नसावं.

पण मांडू म्हटलं की लोकांना आठवतात ते बाजबहादूर आणि रूपमती. बाजबहादूर १५५५ मध्ये माळव्याचा सुलतान झाला. राज्य करण्यापेक्षा गाण्यात त्याचा जीव जास्त. १५६१ मध्ये अकबराचा सरदार अधमखान चालून आला, सारंगपूरजवळ बाजबहादूर हरला आणि पळाला. रूपमतीने विष घेतलं असं सांगतात. पुढे काही वर्षं भटकून १५७० मध्ये तो अकबराला शरण गेला. अबुल फजलने आईन-इ-अकबरीत दरबारच्या गवयांची यादी दिली आहे, तीत माळव्याचा हा राजा आहे. राज्य गेल्यावर राजाची जी ओळख उरली ती गवयाची!

मांडूत रेवाकुंडाजवळ बाजबहादुराचा महाल दाखवतात. मी गेलो तेव्हा वाटाड्याने एका दालनात उभं करून टाळी वाजवली. दगडी भिंतींतून ती थोडा वेळ घुमली. इथे मैफली होत, तो म्हणाला. होतही असतील. पण महालावरचा शिलालेख सांगतो, की तो १५०८-०९ मध्ये नासिरुद्दीन खिलजीच्या काळी बांधला. म्हणजे बाजबहादूर गादीवर आला तेव्हा महाल पंचेचाळीसच्या वर वर्षांचा होता. नवा महाल बांधण्याऐवजी त्याने जुना घेतला. असं म्हणू या, की त्याने वापरलेलं खोकं पसंत केलं. आवाजासाठी केलं असेल का? कुंडाच्या काठामुळे, रूपमतीच्या छत्रीच्या जवळिकीमुळे की खरोखरच तिथला घुमारा आवडला म्हणून, हे त्याचं त्याला ठाऊक. पण गवयाने जागा निवडताना एकदा तरी आवाज लावून बघितला नसेल, हे माझ्या मनाला पटत नाही.

त्याच रस्त्यावर पुढे-मागे प्रतिध्वनीची जागा आहे. तिथे हाक मारली की ती पलीकडच्या जुन्या इमारतीवरून परत येते. ह्याचा हिशेब सोपा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. सतरा मीटरच्या आतून परत आला तर कानाला तो वेगळा कळत नाही, मूळ आवाजातच मिसळून त्याला जाड करतो. त्याहून लांबून आला तर हाकेला ओ दिल्यासारखा वेगळा ऐकू येतो. दालनात मिळतो तो घुमारा आणि मैदानात मिळतो तो प्रतिध्वनी.

बाजबहादुराच्या गाण्यातलं आज काय उरलं आहे? त्याच्या कंठातला एकही सूर आपल्यापर्यंत आलेला नाही. रूपमतीच्या नावावर काही कविता सांगतात, एवढंच. गाणारा गेला, गाणं गेलं. उरलं आहे ते खोकं, आणि ते अजून वाजतं. टाळी वाजवा, चारशे साठ-सत्तर वर्षांपूर्वी त्या दालनाने बाजबहादुराच्या आवाजात जे मिसळलं असेल त्यातलं थोडं ते तुमच्या टाळीत मिसळून देतं. भिंती पडल्या, गिलावा गेला, तेव्हा तंतोतंत तेच नाही. पण त्याच घराण्यातलं.

माळव्याने पुढेही एक गवई सांभाळला. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी होऊन देवासला आले. बेळगावजवळच्या सुळेभावीचा जन्म, मुंबईत देवधर मास्तरांकडे तालीम, आणि आता डॉक्टरांनी गाणं बंद केलेलं. काही वर्षं त्यांनी अंथरुणावरून माळव्यातली लोकगीतं ऐकली. ते बरे झाले आणि गाऊ लागले तेव्हा एक फुप्फुस निकामी होतं. छातीच्या पोकळीतली जागा कमी झाली तसं त्यांनी गाण्याचं रूपच बदललं. छोट्या छोट्या ताना, मधल्या थांब्यांना अर्थ. आणि तंबोरे! त्यांच्या मैफलीतले दोन तंबोरे इतके जुळलेले असत, की नुसत्या तंबोऱ्यांनीच सभागृह भरून जाई. जे स्वतःच्या पोटात कमी पडलं ते त्यांनी भोपळ्यांच्या पोटातून घेतलं असं मला त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना नेहमी वाटतं. जाणकारांनी मला रागवावं.

आता खोक्याशिवाय भागवायचा काळ आला आहे. १९८० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, आता तो मोबाइलमध्ये असतो. गिटारवाल्यांचंही तसंच. कॅबिनेटसमोर मायक्रोफोन ठेवून एक अगदी क्षणिक आवाज सोडायचा आणि खोकं त्याला काय उत्तर देतं ते टिपायचं. ह्याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. मग ती छोटीशी फाइल लावली की कुठल्याही गिटारला त्या कॅबिनेटचा आवाज मिळतो. पस्तीस किलोची पेटी उचलायची गरज नाही. १९९९ च्या सुमारास सोनी कंपनीने ह्याच पद्धतीने मोठमोठ्या सभागृहांचे घुमारे टिपलेलं यंत्र बाजारात आणलं होतं.

थोडा विचार केला तर मांडूचा वाटाड्या टाळी वाजवून हेच करत होता! एक क्षणिक आवाज सोडायचा आणि खोक्याचं उत्तर ऐकायचं. फक्त त्याच्याकडे टिपून ठेवायला यंत्र नव्हतं.

मी ह्या यंत्रांच्या विरुद्ध नाही. पावसाळ्यात रात्रीच्या बसने जाणाऱ्या पोराने पस्तीस किलो का वाहावेत? पण टिपायला आधी खोकं हवं. मोडीत गेलेल्या पेटीचा, फुटलेल्या भोपळ्याचा, पडलेल्या घुमटाचा आवाज टिपता येत नाही. आपल्या घुमटाचंच बघा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळालं, ते योग्यच, आणि मग तोंडाला बकऱ्याचं कातडं आलं. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. पण जुन्या कातड्याचा आवाज कोणी नीट नोंदवून ठेवलाय का? जाणत्या वादकांच्या कानात तो आहे आणि ते कान म्हातारे होत चालले आहेत.

म्हणून एक विनंती. पावसाच्या आधी माळा साफ करताना एखादी रंग उडालेली स्पीकरची पेटी, वडिलांचा तंबोरा किंवा आजोबांच्या भजनी मेळाचा घुमट हाती लागला तर लगेच भंगारवाल्याला हाक मारू नका. फळी उघडून बघा, वाळवी झाडा, सांधे तपासा. कुठल्या मेस्ताने केली, कोणी वाजवली, हे सांगणारं माणूस घरात असेल तर ते एका कागदावर लिहून पेटीच्या आतच चिकटवा. आणि ठेवायला जागाच नसेल तर विका, पण वाजवणाऱ्याला विका. नासिरुद्दीनच्या महालाला बाजबहादूर मिळाला, म्हणून तर आज आपण तिथे टाळी वाजवायला जातो.